खिशातला फोल्डिंग चाकू: व्हिक्टोरिनॉक्स, ओपिनेल आणि बाकीचे

फोल्डिंग चाकू घ्यायचा म्हटलं की लोक आधी विचारतात स्टील कुठलं, लॉक कसला, खिशाला अडकवायची क्लिप आहे का. पातं किती जाड आहे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि रोजच्या वापराला तेच सगळ्यात महत्त्वाचं असं माझं ठाम मत आहे. आपण खिशातल्या चाकूने कापतो काय, तर काकडी, कैरी, सफरचंद, कुरियरच्या खोक्याची टेप, सुतळी, दाताने न फाटणारं फरसाणचं पाकीट, ट्रेकला गेलो तर कांदा-टोमॅटो. याला जाडजूड जंगली चाकू लागत नाही, पातळ पातं लागतं. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं पातं सफरचंदात घालून बघा, अर्ध्यापर्यंत जातं आणि पुढे फळ कापलंच जात नाही, तडकतं, फोडीची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी ओबडधोबड. तेच पातळ पातं घातलं की सरळ आरपार. धार दोन्हीला सारखीच लावली तरी हा फरक राहतो कारण धारेच्या मागचा जाड भाग पाचरीसारखा फळात घुसत असतो.

आणि मला वाटतं म्हणूनच जगभरातली साधी माणसं, म्हणजे ज्यांना चाकू जमवायची हौस नाही फक्त वापरायचाय अशी, पिढ्यान्‌पिढ्या दोनच नावांकडे जातात. स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स आणि फ्रान्सचा ओपिनेल. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही रोज या ना त्या कामाला निघतात, त्यामुळे दोन्हींबद्दल नीट लिहिते.

व्हिक्टोरिनॉक्समध्ये सगळ्यात जास्त खपतो तो छोटुकला क्लासिक एसडी. बंद केल्यावर ५८ मिलिमीटर, वजन २१ ग्रॅमच्या आसपास, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला की विसरून जायचं. त्यात छोटं पातं, कात्री, नखं घासायची कानस आणि तिच्याच टोकाला बारका स्क्रूड्रायव्हर, मुठीत चिमटा आणि दातकोरणं. मी याला चाकू म्हणून कमी आणि कात्री म्हणून जास्त वापरते. कुर्त्याचा लोंबणारा दोरा, औषधाची स्ट्रिप, बँडेज, शाम्पूचं पाऊच, सगळं ती कात्री करते, आणि एवढ्याशा कात्रीला इतकी नीट धार कशी काय देतात याचं मला अजून कौतुक वाटतं. पातं मात्र अगदी लहान आहे, पेरू कापायला गेलात तर मूठ रसाने माखणार. पहिल्यांदाच घेताय किंवा कोणाला गिफ्ट द्यायचाय तर डोळे झाकून हा घ्या.

पण खरा चाकू हवा असेल तर ९१ मिलिमीटरवाली साइज. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला, १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ मध्ये ऑफिसर चाकूची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची, नोंदणी केली. यातली कल्पना भारी आहे, एकाच स्प्रिंगवर पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूची हत्यारं बसवली, त्यामुळे चाकू जाड न होता बूच काढायचा स्क्रू वगैरे मागे बसला. आजचा स्पार्टन हा जवळजवळ त्याच मांडणीचा चाकू आहे, मोठं पातं, लहान पातं, कॅन ओपनर, बाटली ओपनर, टोच्या आणि तो बुचाचा स्क्रू. आपल्याकडे बूच काढायचा प्रसंग किती येतो असं वाटेल पण तो स्क्रू ओल्या दोरीच्या आवळलेल्या गाठी सोडवायला एक नंबर आहे, गाठीच्या मधोमध फिरवत घालायचा आणि हळूच ओढायचं, नखं तुटत नाहीत. शिवाय त्या स्क्रूच्या आत बसणारा चष्म्याचा इवलासा स्क्रूड्रायव्हर वेगळा विकत मिळतो, तो नक्की घ्या, चष्मेवाल्यांना त्याची किंमत कळेल.

माझी शिफारस मात्र स्पार्टन नाही, त्याच साइजचा क्लाइंबर. स्पार्टनमध्ये कात्री नाही आणि क्लाइंबरमध्ये आहे, वजन साधारण ८२ ग्रॅम, जीन्सच्या खिशात ओझं वाटत नाही. याच साइजच्या हंट्समनमध्ये वर लाकूड कापायची करवतही येते आणि ती करवत खरंच कापते, मनगटाएवढी सुकी फांदी बघता बघता तुटते, पण शहरात राहून करवत कितीदा लागणार हे ज्याचं त्याने ठरवावं.

स्टीलबद्दल नेहमी एक तक्रार ऐकू येते की व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील मऊ आहे, धार लवकर जाते. मऊ आहे हे खरं, रॉकवेल (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) ५५-५६ च्या आसपास, महागड्या चाकूंचं ६० आणि वर असतं. पण मऊ स्टीलला धार परत आणणंही तितकंच सोपं. घरातला चिनीमातीचा कप उलटा करा, बुडाला जी ग्लेझ नसलेली खरखरीत कड असते तिच्यावर पातं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलक्या हाताने फिरवा, टोमॅटोची साल दाब न देता कापली जाईल इतकी धार येते. कडक स्टीलच्या चाकूला हे इतकं सहज जमत नाही, त्याला बऱ्याचदा हिऱ्याचा दगड आणि सवड दोन्ही लागतं. आणि दमट हवेत हे स्टील सहजासहजी गंजत नाही, मुंबई-कोकणात राहणाऱ्याला यापेक्षा मोठी गोष्ट कुठली.

कमतरता एकच आणि ती नीट समजून घ्या. या ५८ आणि ९१ मिलिमीटरवाल्या चाकूंना लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा दाब असतो. कापताना काही प्रश्न नाही, पण टोक खुपसून जोर लावला तर पातं उलटं मिटून बोटावर येऊ शकतं. भोक पाडायचंय तर टोच्या घ्या आणि तोही सरळ दाबात. मुलांच्या हातात देताना हे आधी शिकवा.

आता ओपिनेल. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये फ्रान्समधल्या सव्हॉयच्या डोंगरात शेतकऱ्यांसाठी हा बनवायला घेतला, पुढे लहानमोठ्या नंबरांची रांग आली, त्यातला ८ नंबर सगळ्यात लाडका, ८.५ सेंटीमीटरचं पातं आणि बीच लाकडाची गोल मूठ. मिटवला की लाकडाचा एक गुळगुळीत दांडका, उघडला की स्वयंपाकघरातली सुरी. खरंच सांगते, फळं, भाजी, ब्रेड, पनीर कापायला याच्या तोडीचा खिशातला चाकू मी बघितलेला नाही, पातं इतकं पातळ आणि पाठीपासून धारेपर्यंत असं निमुळतं होत गेलेलं की कांद्याच्या चकत्या घरच्या सुरीसारख्या पडतात. मूठ हातात भरून येते, बोटं अवघडत नाहीत. १९५५ पासून याच्या गळ्याशी फिरणारी स्टीलची रिंग आहे, ती फिरवली की पातं उघड्यावर लॉक, आणि २००० पासून ती मिटल्यावरही लॉक होते, म्हणजे बॅगेत आपोआप उघडायची भीती नाही. ना बारीक स्प्रिंग ना बटण, बिघडायला काही नाहीच.

पण लाकूड ते लाकूड. पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं असं घट्ट बसतं की खाचेत नख घालून ओढलं तर नखच जायचं. सव्हॉयवाल्यांची जुनी युक्ती आहे, लॉकची रिंग मोकळी करायची आणि मुठीचा मागचा टोकाकडचा भाग दगडावर किंवा टेबलाच्या कडेवर ठोकायचा, पातं आपोआप थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. मी त्याच्यापुढे एक करते, पाऊस सुरू व्हायच्या आधी कोरड्या हवेत पातं अर्धवट उघडून त्या फटीतल्या लाकडाला जवसाचं तेल पाजते आणि पूर्ण वाळू देते, मग जूनमध्येही बऱ्यापैकी सहज उघडतो. पाण्यात बुडवून धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि उघडा ठेवून वाळवायचा.

घेताना कार्बन की स्टेनलेस हे बघून घ्या, दोन्ही प्रकार मिळतात. कार्बनला धार फार सुंदर लागते पण कैरी किंवा लिंबू कापलं की बघता बघता पातं करडं-निळसर पडतं, आणि पावसाळ्यात एक रात्र ओला राहिला तर सकाळी गंजाचे ठिपके. काहींना तो काळवंडलेला रंग आवडतो, पण आपल्या हवेत आणि आपल्या आंबट खाण्यात स्टेनलेसच बरा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत १९६४ पासून चाललेला बक ११० दिसायला देखणा, पितळ आणि लाकडाची मूठ, मागे दाबायचा भक्कम लॉक, पण दोनशे ग्रॅमचं वजन खिशात घेऊन कोण फिरणार, तो कमरेच्या पट्ट्याचा चाकू आहे. स्पायडर्कोचा डेलिका, पात्यावरच्या गोल भोकात अंगठा घालून एका हाताने उघडणारा, उत्तम चाकू आहे पण किंमत बघता पहिला चाकू म्हणून कोणाला सांगणार नाही. आणि ऑनलाइन शेकड्यांनी दिसणारे ते काळे, दातेरी, कवटीचं चित्र असलेले चाकू घेऊ नका. असा एक घरात आला होता, बिजागरी महिन्याभरात ढिली झाली आणि जाड पात्याने धड पेरूही कापला जाईना.

कायद्याचं पण सांगते. नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांखाली येतात, घरकाम आणि शेतीची अवजारं सोडून, त्यामुळे वरचे सगळे चाकू त्या मापाच्या खूप आत आहेत. तरीही सण, मोर्चे, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुऱ्या बाळगायलाही मनाई असते, अशा वेळी चाकू घरीच ठेवा. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका, क्लासिक एसडीसुद्धा. किल्ल्यांना लटकलेला असतो म्हणून सिक्युरिटीपर्यंत लक्षातच येत नाही आणि तिथे तो सोडून द्यावा लागतो.

शेवटचं, लाल मूठ आणि पांढरा क्रॉस बघून घेऊ नका, नकली भरपूर आहेत. मोठं पातं उघडा, मुळाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड कोरलेलं असतं. उघडताना आणि मिटताना खटकन आवाज यायला हवा, आणि दातकोरणं-चिमटा मुठीत घट्ट बसायला हवेत, चाकू उलटा करून झटकला तरी पडता कामा नयेत. बिल मागून घ्या, व्हिक्टोरिनॉक्स मटेरियल आणि बनावटीतल्या दोषांवर आजन्म वॉरंटी देते.