सील्ड किट म्हणून आलेलं कॉन्स्टेलेशन आणि माझे 20,400 रुपये

जुन्या प्रवासी विमानांची, घरी जोडायची प्लॅस्टिकची मॉडेल किट्स सेकंडहँड घेणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा वाचा, आणि हेलरचं 1/72 मधलं (म्हणजे खऱ्यापेक्षा 72 पट लहान) कॉन्स्टेलेशन विमान शोधत असाल तर नक्कीच वाचा.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय मी कसा अडकलो ते कळणार नाही. माझे आजोबा सांताक्रूझला हँगरमध्ये फिटर होते. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं ना, त्या विमानाच्या गोष्टी आमच्या घरात रामायणासारख्या सांगितल्या गेल्या. लॉकहीड कॉन्स्टेलेशन एल-749, नंबर व्हीटी-सीक्यूपी. तीन शेपट्या, माशासारखी वळलेली बॉडी, चार इंजिनं आणि प्रत्येकात 18 सिलिंडर. तेच विमान 3 नोव्हेंबर 1950 ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं आणि 48 माणसं गेली, त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते म्हणे. बाबा आता 79 चे आहेत आणि त्यांना ते विमान कपाटावर उभं बघायचंय, एवढंच.

मी पंधरा वर्षं मॉडेल्स करतोय, म्हणजे नवखा नाही. हेलर या फ्रेंच कंपनीचं 749 चं किट जुनं आहे, मला दुकानात मिळालं नाही, कुणाच्या तरी माळ्यावरून बाहेर निघालं तरच. मी तसं विचारलं होतं दोन-चार ठिकाणी, आणि आठवड्याभरात एकाचा मेसेज आला की दादा माझ्याकडे आहे, सील्ड आहे, आणि एअर इंडियाचे डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची नावं आणि नंबर) पण आहेत.

माणूस बोलायला फार छान होता. त्यानेच मला सांगितलं की 749 च्या खिडक्या गोल असतात आणि सुपर कॉन्स्टेलेशनच्या म्हणजे 1049 च्या चौकोनी, त्यामुळे बॉक्स बघून घ्या, लोक चुकीचं किट घेतात. मेटल फिनिशबद्दल बोललो, तर म्हणाला खाली ग्लॉस ब्लॅक द्या आणि वर अल्क्लॅड हा धातूसारखा दिसणारा रंग, आणि बोट लागू देऊ नका, एक ठसा राहिला तरी सगळं पॅनल पुन्हा घासायला लागतं. हे सगळं बरोबर आहे, ज्याने हाताने केलंय त्यालाच एवढं माहीत असतं असं मला वाटलं आणि तिथेच मी त्याच्यावर विश्वास टाकला. पहिल्यांदा 650 रुपयांचा एक छोटा फोटोएच सेट (धातूच्या पत्र्याचे बारीक पार्ट्स) घेतला त्याच्याकडून, चार दिवसांत आला, पॅकिंग उत्तम. ते 650 रुपये म्हणजे त्याचं आमिष होतं हे आता कळतं.

मग किट 11,500, डेकल 2,200 आणि रेझिनची चार इंजिनं 3,800, असे 17,500 एकदम मागितले. किटमधल्या इंजिनांपेक्षा रेझिनची इंजिनं कितीतरी बरी दिसतील म्हणून मी हो म्हणालो. यूपीआय करताना नाव दुसरंच दिसलं, विचारलं तर म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे, माझ्या खात्याचं लिमिट संपलंय. मी थांबायला हवं होतं, नाही थांबलो. आठ दिवसांनी फोन, इंजिनं परदेशातून येतायत, कस्टममध्ये अडकलीत, 2,900 भरावे लागतील नाहीतर परत जातील. भरले. आता नीट ऐका, बाहेरून पार्सल येतं तेव्हा ड्युटी ज्याच्या नावाने पार्सल आहे त्याच्याकडून पोस्ट किंवा कुरिअरवाले पावती देऊन घेतात, विकणारा फोनवरून स्वतःच्या मेव्हण्याच्या खात्यात घेत नाही. हे मला माहीत होतं, पण बाबा दर रविवारी विचारायचे इंजिनं आली का, आणि मला तो फोन खरा वाटावा असंच मनातून हवं होतं.

एकदाचा बॉक्स आला. वरचं प्लॅस्टिक चकचकीत, घट्ट, एक सुरकुती नाही. आणि त्या प्लॅस्टिकच्या आत बॉक्सचा कोपरा दबलेला, छपाई उडून पांढरा पडलेला. आता विचार करा, प्लॅस्टिक मूळचं असतं तर कोपऱ्याबरोबर तेही फाटलं असतं किंवा निदान सैल पडलं असतं. म्हणजे बॉक्स आधी झिजला आणि श्रिंक रॅप नंतर चढलं. असं रॅप करायचं मशीन पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं, त्यामुळे 'सील्ड' या शब्दाला काडीची किंमत देऊ नका. मी मात्र घाईत कात्री लावली, व्हिडिओ पण काढला नाही.

आत पाहिलं तर पार्ट्स स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून, कापलेले, एका पिशवीत सुटे. पंखांच्या मुळाशी जुन्या ग्लूचे पिवळे डाग. क्लिअर पार्ट्सची फ्रेमच नाही, चारांपैकी दोन प्रोपेलर गायब. आणि खिडक्या चौकोनी. मी बॉडीचे भाग टेबलावर एका रेषेत मांडले आणि स्टीलची पट्टी लावली, 749 असेल तर 40 सेंमीच्या आसपास यायला पाहिजे, आलं 48 च्या पुढे. 749 च्या बॉक्समध्ये कुणीतरी अर्धवट सोडून दिलेलं सुपर कॉन्स्टेलेशन भरून दिलं होतं. ज्याने मला गोल खिडक्यांचं शिकवलं, त्यानेच चौकोनी खिडक्या पाठवल्या, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

डेकल तरी खरे असतील म्हणून नंबराचं एक अक्षर कापून कोमट पाण्यात टाकलं. दहा-बारा सेकंदांत लाल शाई सुटायला लागली, पाणी गुलाबी झालं आणि चिमट्यात उरली ती कोरी फिल्म. 'स्क्रीन प्रिंटेड' म्हणून दिलेले डेकल घरच्या इंकजेटवर काढलेले होते, वर क्लिअर कोटही मारला नव्हता. भिंगातून बघितलं तर रंग सलग नाही, बारीक ठिपके दिसतात. पांढरा रंग तर नव्हताच, कारण घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. डेकल घेताना भिंगातून काढलेला फोटो मागा आणि आल्यावर पहिल्यांदा न लागणाऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा.

इंजिनं आजपर्यंत आली नाहीत. मी त्याला फोटो पाठवले, आधी म्हणाला बघतो, मग म्हणाला तुम्हीच पार्ट बदलले, मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, ऑनलाइन तक्रार पण केली, बँकेतही गेलो. तिथे सांगितलं पार्सल मिळालंय ना, मग हा तुमच्यातला वाद धरला जाईल. पार्सल उघडतानाचा, लेबल दिसण्यापासून शेवटच्या स्प्रूपर्यंतचा न कापलेला व्हिडिओ असता तर माझी बाजू भक्कम झाली असती. तक्रारही त्याच दिवशी करा, मी पाच दिवस त्याच्या 'बघतो' वर काढले आणि तोवर पैसे खात्यातून निघून गेले होते.

किट घेताना बॉक्सचा फोटो नको, प्रत्येक स्प्रूचा वेगळा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. खरा विकणारा दहा मिनिटांत काढून देतो. हा माणूस मला प्रत्येक वेळी म्हणाला, सील तोडलं तर व्हॅल्यू जाईल.

मागच्या आठवड्यात नाशिकच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला, कॉन्स्टेलेशन मिळतंय, घेऊ का म्हणून. तोच बॉक्स. उजव्या खालच्या कोपऱ्यात जुन्या किमतीच्या स्टिकरचा फाटका तुकडा, आणि मागे हिरवी खिडकीची जाळी. बॉक्स माझ्या घरी आहे, तरी फोटो अजून फिरतोय. हा फोटो तुमच्याकडे आला तर पैसे टाकू नका, आधी मला दाखवा, माझ्याकडच्या बॉक्सशी लगेच ताडून सांगतो.