विकायच्या घरात कार्पेट की वुडन फ्लोअरिंग? एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

घर नाशिकच्या गंगापूर रोडचं, टू बीएचके, मूळ फरशी दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड. विक्रीला काढण्याआधी एका बेडरूमला 8 मिलिमीटरचं एसी-4 (ही झीज सोसण्याची प्रत) लॅमिनेट, म्हणजे लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग टाकलं, दुसरीला भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. दोन्ही कामं गुढीपाडव्याच्या आधी झाली, आता जानेवारी संपत आलाय. निकाल आधीच सांगून टाकतो: विकायच्या घरात कार्पेट नको. लॅमिनेट एका बेडरूमपुरतं चालेल. हॉलची फरशी चांगली असेल तर तिला हात लावू नका.

कार्पेट हरतं ते दिसण्यावर नाही. थंडीत जवळच्या निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा सकाळी पायाखाली तेच बरं वाटतं. पण आपल्याकडचं गिऱ्हाईक कार्पेट बघितलं की कोपरा उचलून बघतं. खाली तडा आहे की ओल, हा संशय एकदा आला की भावात उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या बंद असल्या की कुबट वास येतो, आणि दार उघडल्यावर पहिला तोच जाणवतो. समईचं तेल, हळद, उंबरठ्यावरच्या रांगोळीचा रंग हे धाग्यात बसलं की पुरतं निघत नाही. पलंगाच्या पायांचे खड्डे पॉलिप्रॉपिलीनमध्ये राहतात, नायलॉन थोडं सावरतं. तरीही घालायचंच असेल तर फेविकॉलसारखा गोंद पसरू नका, काढताना तो फरशीवर राहतो. कडेने दुहेरी चिकटपट्टी पुरते.

आता लॅमिनेट. आधी एक गोष्ट: हे अस्सल लाकूड नाही. एचडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) लाकडाची छपाई केलेला कागद, त्यावर झिजेला टिकणारा पारदर्शक थर. घासून पॉलिश होत नाही. गिऱ्हाइकाला ‘वुडन’ म्हणून विकू नका, ‘लॅमिनेट’ म्हणा. कधीतरी कळतंच.

हिशोब असा. 11 बाय 12 ची खोली 132 चौरस फूट, कापाकापीचे 8 टक्के धरून साधारण 143. 1215 बाय 195 मिलिमीटरच्या आठ पट्ट्यांचं खोकं 20.4 चौरस फूट भरतं, म्हणजे सात खोकी. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाला लागणारी पट्टी, दार सोडून 43 रनिंग फूट. दुकानदाराचा ‘चौरस फुटाचा भाव’ ऐकताना खाली अंथरायचा फोम, स्कर्टिंग, दारापाशीची पट्टी आणि दार कापायची मजुरी त्यात आहे का, हे लिहून घ्या. इथेच बिल फुगतं.

टाकण्याआधी फरशी नाण्याने वाजवा. पोकळ आवाज आला तर ती आधी बसवून घ्या. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवा, खाली थेंब जमले तर काम थांबवा. तळमजला आणि बाथरूमला लागून असलेली भिंत इथे हे हमखास करा. फरशीवर दोन मीटरची सरळ मोजपट्टी ठेवली तर तिच्याखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर चालताना कटकट आवाज येतो. खोकी त्याच खोलीत 48 तास आडवी पडू द्या.

सगळ्यात जास्त बिघाड एकाच कारणाने होतो: भिंतीकडेची फट सोडत नाहीत. आपल्याकडे मार्चमध्ये हवा कोरडी, जुलैत दमट. एचडीएफ दमट हवेत पसरतं. पाडव्याला टाकलेल्या फरशीला चारी बाजूंनी पूर्ण 10 मिलिमीटर जागा लागते. मिस्त्री ‘घट्ट बसवलंय’ म्हणून खूश असतो, आणि श्रावणात मधोमध उंचवटा येतो. स्कर्टिंगचा खिळा भिंतीत मारायचा, लॅमिनेटच्या पट्टीत नाही. तिच्यात मारला की तो फरशीचं पसरणं अडवतो. फिक्स वॉर्डरोबही लॅमिनेटवर उभा करायचा नाही. उलट, सप्टेंबरच्या दमट हवेत टाकलं तर हिवाळ्यात पट्ट्यांच्या आखूड टोकांना केसाएवढ्या फटी दिसतात. पितृपक्षात घर बघायला फारसं कोणी येत नाही म्हणून बरेच जण तेव्हाच काम काढतात. त्या फटी दिसल्या तर घाबरू नका.

8 मिलिमीटर पट्टी आणि 2 मिलिमीटर फोम मिळून फरशी 10 मिलिमीटर वर येते, म्हणजे दार खालून कापावं लागतं. हे आधी न बघितल्याने दार फरशीवर घासतं आणि पहिल्याच आठवड्यात ओरखडा उठतो.

पुसण्याचं मात्र रोजचं भांडण आहे. कामवाल्या मावशींना बादली आणि फिनेलची सवय. ओल्या फडक्याचं पाणी सांध्यात गेलं की कडा वर येतात आणि परत बसत नाहीत. फडकं पूर्ण पिळलेलंच हवं. स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीनच्या बाजूला लॅमिनेट नकोच. तिथे बदल करायचाच असेल तर एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या) बघा, त्याचा गाभा पाण्याने फुगत नाही.

उरलेल्या तीन-चार पट्ट्या आणि बॅच नंबर असलेलं खोक्याचं लेबल माळ्यावर आडवं ठेवा, चावीबरोबर नव्या मालकाला देता येईल. तोच रंग नंतर मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.