सांगलीत राहून कन्सल्टिंगची तयारी: केसचा सराव की यार्डातलं काम?

मॅकिन्झी, बीसीजी, बेन या कन्सल्टिंग, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या, फर्मच्या मुलाखतीत केस, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण, सोडवावी लागते. नफा का घटला? विक्री कमी झाली की खर्च वाढला? याचा सराव वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवरही होतो. जोडीदार हवा, समोर घड्याळ हवं, तोंडी हिशेब पक्का हवा. हा सराव टाळून चालणार नाही. हुशार मुलंही पहिल्या केसला गडबडतात.

तरी मला दुसरा रस्ता जास्त मोलाचा वाटतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मार्केट यार्डात एखाद्या हळदीच्या अडत दुकानात महिनाभर बसा. सौदे कसे निघतात, हमाली-तोलाई किती, पॉलिशमध्ये वजन किती घटतं, माल कधी रोखून धरतात, सगळं वहीत उतरवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात का, हे त्यालाच विचारा. केसमध्ये आकडे मागितले की मिळतात. इथे आधी माणसाचा विश्वास मिळवावा लागतो, आणि सल्लागाराचं निम्मं काम तेच असतं.

प्लेसमेंट दोन महिन्यांवर आली असेल तर केसच करा. दुसऱ्या वर्षाला असाल तर आधी यार्ड गाठा, वही घेऊन.