नोमोस टांगेंटे: वर्षभराच्या वापरानंतर

टांगेंटे हे जर्मन कंपनी नोमोसचं मनगटी घड्याळ. पांढरी तबकडी, दोन निळे काटे, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. तारीखसुद्धा नाही. एवढे पैसे मोजून एवढंच का, हा प्रश्न मला घरी-दारी बऱ्याच जणांनी विचारला. रोज वापरल्यावर माझं उत्तर पक्कं झालंय. नक्षी नाही, झगमगाट नाही, त्यामुळे या घड्याळात काहीही लपत नाही. प्रत्येक रेघ बरोबरच पडावी लागते, आणि ती पडली आहे.

तबकडी नीट बघा. 12, 2, 4, 8, 10 असे समच आकडे, विषम तासांना नुसत्या रेघा, आणि 6 च्या जागी सेकंद काटा. आकड्यांची ठेवण 1930 च्या दशकातल्या जर्मन तबकड्यांवरून घेतली आहे. टांगेंटे बाजारात आलं 1992 साली, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या ग्लासह्युटे गावातून, जिथे 1845 पासून घड्याळं बनतात. काट्यांना रंग लावलेला नाही. पोलाद 300 अंशांच्या आसपास तापवलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्याचा हा निळा. ट्यूबलाइटखाली काटे काळे वाटतात. खिडकीपाशी हात जरासा तिरका केला की एकदम निळे होतात. मला अजूनही याचा कंटाळा आलेला नाही.

आतलं अल्फा यंत्र चावीचं आहे, जाडी फक्त 2.6 मिलिमीटर. अख्खं घड्याळ साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे कुर्त्याच्या बाहीत अडकत नाही. पूर्ण चावीवर 43 तासांपर्यंत चालतं. मी रोज सकाळी चावी देते. बारीक, कोरडी करकर बोटांना जाणवत राहते, मग चावी घट्ट होते. तिथे थांबायचं, जोर लावायचा नाही. घरात एचएमटी जनता वापरलेल्यांना हे सांगायला नको. त्यातही 17 ज्वेल्स (यंत्रातली झीज कमी करणारे बारीक खडे), यातही 17! मागच्या काचेतून निळे स्क्रू आणि पट्ट्यापट्ट्यांची घासाई दिसते. माझं घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं. चावी बाहेर ओढली की सेकंद काटा थांबतो, म्हणून वेळ अगदी सेकंदावर मिळवता येते.

घेण्याआधी मनगटावर घालून बघाच. घड्याळाचा व्यास 35 मिलिमीटर, पण पट्टा धरणारे पाय लांब आणि सरळ आहेत. अगदी बारीक मनगटावर ते बाहेर येतात. अंधारात काटे चमकत नाहीत. घोड्याच्या कातड्याचा कॉर्डोव्हन पट्टा सुरुवातीला कडक वाटतो, महिन्याभरात मनगटाचा आकार घेतो, मात्र त्याला पाणी सोसत नाही. घड्याळही 3 अ‍ॅटमॉस्फिअरचंच, म्हणजे हात धुताना उडालेल्या शिंतोड्यांपुरतं. जून ते सप्टेंबर मी त्याला कापडी पट्टा लावते आणि मुसळधार पावसात ते सरळ घरी ठेवते.