गल्लीतला वेग आवरायचा कसा: गतिरोधक, अरुंद रस्ता की आरपार वाट बंद?

वस्तीतल्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जातात असा विषय निघाला की पहिली मागणी गतिरोधकाची होते. ती चुकीचीच असते असं नाही, पण त्याआधी एक गोष्ट ठरवा: त्रास वेगाचा आहे की वर्दळीचा? मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला बाहेरच्या गाड्या तुमच्या गल्लीत घुसत असतील, तर गतिरोधक टाकल्यावरही त्यातल्या बऱ्याच येत राहतील, फक्त आदळत-आपटत. उलट, जोरात चालवणारे बहुतेक तिथलेच रहिवासी असतील (हे ऐकायला कुणालाच आवडत नाही), तर वाट अडवून हाती काही लागणार नाही. गर्दीच्या वेळी दोघांनी दोन टोकांना उभं राहून गाड्यांचे नंबर टिपले, तरी सरळ आरपार जाणाऱ्या किती ते कळतं.

वेग थोडा उतरला तरी फरक मोठा पडतो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने जाणाऱ्या गाडीचा तेवढ्या अंतरात ब्रेकसुद्धा लागलेला नसतो.

आता गतिरोधक. फूट-दोन फूट रुंदीचा उभट उंचवटा रस्त्यावर नकोच, त्याची जागा पार्किंगमध्ये. त्यावरून जोरात गेलं तर धक्का उलट कमी जाणवू शकतो, कारण गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तो गिळतात. रस्त्यासाठी लागतो तो सुमारे ३.७ मीटर लांब आणि साडेसात ते दहा सेंटीमीटर उंच, पाठ हळूहळू चढत-उतरत जाणारा हंप. याचा आकार ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात ठरला. वेग वाढेल तसा त्याचा धक्का वाढतो. १९९९च्या एका अमेरिकन आढाव्यात अशा हंपमुळे वेग सरासरी २२ टक्क्यांनी उतरलेला दिसतो (शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग). सपाट माथ्याच्या लांब स्पीड टेबलाने १८ टक्के, चौकातल्या छोट्या गोल बेटाने ११ टक्के.

आकड्यांवरून हंप जिंकतो, पण एकटा हंप जवळजवळ वाया जातो. चालक त्याच्यापुरता ब्रेक मारतो आणि पुढे गेल्यावर भरपाई करतो. शंभरेक मीटरवर पुढचा हवा, म्हणजे मालिकाच हवी. मग आवाज येतो, आणि तो नेमका ज्याच्या दारासमोर हंप आहे त्याच्या वाट्याला. अग्निशमन गाडीचे प्रत्येक हंपमागे काही सेकंद जातात, रुग्णवाहिकेतल्या माणसाला हादरे बसतात. मोठ्या गाड्यांची चाकं मोकळ्या पट्टीतून जावीत म्हणून तुकड्यातुकड्यांचे स्पीड कुशन निघाले. दुचाक्याही त्याच फटीतून वेग न कमी करता निघतात. दुचाक्याच जास्त असतील तर कुशनचा नाद सोडा. शाळेसमोर मी टेबल निवडेन: त्याच्या माथ्यावरच पादचाऱ्यांचे पट्टे आखता येतात.

चौकातलं बेट आसपासच्या पट्ट्यापुरतंच वेग उतरवतं, पण चौकातले अपघात हीच तक्रार असेल तर ते हंपपेक्षा सरस, कारण समोर आडवं काहीतरी असल्याने भरधाव सरळ जाताच येत नाही. सिएटलने वस्त्यांमध्ये अशी हजाराहून जास्त बेटं बांधली आहेत. लांब ट्रकना मात्र वळताना अडचण होते.

पदपथ पुढे आणून रस्ता अरुंद करणं दिसायला छान, ओलांडायला सोपं. पण समोरून कुणी येतच नसेल तर चालकाला थांबायचं कारण राहत नाही, म्हणून अगदी शांत गल्लीत त्याचा उपयोग बेताचाच. शिवाय त्या चिंचोळ्या जागी सायकलवाल्याला गाडीने कडेला दाबण्याची भीती. कमी खर्चात काम हवं असेल तर पार्किंग आलटून-पालटून दोन्ही बाजूंना आखा, रस्ता आपोआप नागमोडी होतो.

नुसत्या वेगमर्यादेच्या पाट्यांवर फार विसंबू नका. इंग्लंडमधल्या २०१८ च्या सरकारी अभ्यासात, फक्त पाट्या लावून ताशी २० मैलांची मर्यादा केलेल्या निवासी भागांत मध्यक वेग ताशी एक मैलानेही घटला नव्हता. चौकात चारी बाजूंना ‘थांबा’च्या पाट्या लावण्याचा उपाय तर वेगासाठी नाहीच. दोन पाट्यांच्या मध्ये लोक जास्त जोरात चालवतात.

बाहेरच्या गाड्यांचा लोंढा हीच अडचण असेल, तर माझा कौल आरपार वाट बंद करण्याला: मध्ये खांब किंवा मोठ्या कुंड्या, पायी आणि सायकलने जाता येतं, चारचाकीला नाही. प्रत्येक घरापर्यंत गाडी पोचतेच, फक्त एका बाजूने. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये आपलं मध्यवर्ती शहर चार भागांत वाटलं आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाणं बंद केलं. साहित्य स्वस्त, विरोध मात्र याच उपायाला सगळ्यात जास्त, आणि त्यातला एक आक्षेप खरा आहे: एकच गल्ली बंद केली की लोंढा शेजारच्या गल्लीत वळतो. म्हणून आखणी अख्ख्या वस्तीची करा, आधी हलवता येतील अशा कुंड्या ठेवून काही महिने चाचणी घ्या, अग्निशमन दलाला उघडता येतील असे खांब निवडा. आणि चाचणीच्या आधी व नंतर मोजणी शेजारच्या गल्लीतही करा, नाहीतर तिथल्या रहिवाशांच्या तक्रारीला उत्तर द्यायला तुमच्याकडे एकही आकडा नसेल.