गाडीत शिरणारं पाणी: दुरुस्तीनंतरचा एक अख्खा पावसाळा

मे महिन्याच्या शेवटी केलेल्या कामाबद्दल आता डिसेंबरात लिहितोय. मधला पावसाळा गेल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थच नव्हता. गाडी सेकंडहँड हॅचबॅक, सनरूफ नाही, राहणं चिपळूणला. आमच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गाडी उभी असते अंगणात, आंब्याखाली.

आदल्या पावसाळ्यातला त्रास असा: पुढे डाव्या बाजूला पायाखाली पाणी, मागच्या डाव्या सीटखाली ओल, सकाळी काचा आतून धूसर आणि कुबट वास. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे सेकंडहँड गाडी म्हटली की आधी पुराचाच संशय येतो. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, स्टेपनीखालचा खड्डा पाहिला, कुठेही गाळाचा माग नव्हता. एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेभोवती सिलिकॉनची जाड रेघ मारून दिली. पुढच्याच सरीला पाणी पुन्हा हजर.

माझं मत स्पष्ट आहे: गळती सापडण्याआधी सिलिकॉनची नळी उघडू देऊ नका. गाडीच्या दारात आणि वायपरखाली पाणी जातंच, ते जावं अशीच रचना असते. बिघडलेली असते ती बहुतेक वेळा त्याची बाहेर पडायची वाट. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि एकदा लागलं की त्यावर रंग धरत नाही.

आधी पाणी कसलं ते ओळखायचं. स्वच्छ, बिनवासाचं आणि कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर येत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट थर धरत असेल तर तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. तिथे घरगुती उपाय करत बसू नका. फक्त पावसात किंवा वॉशिंगनंतर येत असेल तर शोध बाहेरून घ्यायचा. माझं हे तिसरं होतं.

कार्पेट उचलून आतला पत्रा कोरडा केला, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. भाच्याला टॉर्च घेऊन आत बसवलं आणि बाहेरून साध्या पाइपने, जोर न लावता पाणी सोडलं. सुरुवात खालून करायची आणि एकेका जागी काही मिनिटं थांबत वर जायचं. आधीच टपावर ओतलं तर सगळीकडूनच पाणी येतं आणि काहीच कळत नाही. मागच्या डाव्या काचेवर पाणी सोडल्यावर आतून ओरडा आला, "मामा, आलं! रबरातून नाही, पॅडच्या खालून येतंय!"

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढल्यावर कारण दिसलं. काच आणि बाहेरचं रबर यांच्या फटीतून दारात पाणी उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते आत येऊ नये म्हणून पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आधीच्या मालकाच्या वेळी स्पीकर बसवताना कुणीतरी तो फाडून सेलोटेपने लावून ठेवला होता. दाराची भोकंही चिखलाने बुजलेली. भोकं तारेने मोकळी केली, नवा जाड प्लास्टिक कागद कापला आणि ब्यूटाइल टेपने (रबरासारखी चिकट पट्टी) लावला. कागदाची खालची कड दाराच्या आत वळली पाहिजे. ती बाहेर राहिली तर टेप कितीही चांगली असो, पाणी कार्पेटवरच येणार.

पुढचं पाणी वेगळ्याच वाटेने येत होतं. वायपरपाशी जी काळी जाळी असते तिच्याखाली पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडून दोन्ही कोपऱ्यांतून मडगार्डमागे उतरतं. ब्लोअर (आत हवा ढकलणारा पंखा) हवा घेतो तोही तिथूनच. माझ्या पन्हळीत आंब्याची पानं आणि मोहोर कुजून घट्ट बसला होता. पाणी चढायचं आणि ब्लोअरमधून थेट पायाशी. ओंजळी भरभरून गाळ काढला, भिजून काळा पडलेला एसी फिल्टर बदलला. काचेभोवतीच्या त्या सिलिकॉनचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

सगळ्यात कंटाळवाणं काम वाळवण्याचं. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण खालचा फोम पाणी धरून बसतो. सीट काढून सगळं मे महिन्याच्या उन्हात टाकलं. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबा, ते एअरबॅगचे असतात. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या मात्र अजिबात आवडल्या नाहीत. फोममधलं पाणी त्यांच्याने निघत नाही, आणि कॅल्शियम क्लोराइडची डबी कलंडली तर खारं पाणी पत्र्यावर सांडतं.

आता निकाल. जून-जुलै दोन्ही जागा कोरड्या. ऑगस्टमध्ये डाव्या पायाशी पुन्हा पाणी दिसलं तेव्हा धस्स झालं, पण ते एसीचं निघालं. एसी चालू ठेवून उभ्या गाडीखाली थेंब पडतायत का पाहिलं, एकही नाही. खालून ड्रेन पाइप मोकळा केला आणि धार लागली. ब्यूटाइल टेप सुकत नाही, म्हणून पॅड पुन्हा काढलं तरी कागद परत चिकटतो. फोमच्या डबलटेपला हे जमत नाही. त्रास एवढाच की ती उन्हात पाघळते आणि हाताचा काळा चिकटा रॉकेलशिवाय जात नाही. पॅडच्या काही क्लिपा तुटल्या, त्यामुळे खड्ड्यात दार खडखडतं. तुम्ही क्लिपा आधीच आणून ठेवा. वास पुष्कळ कमी झाला, तरी एसी लावल्यावर पहिला मिनिटभर येतोच.

सनरूफवाल्यांनी चारही कोपऱ्यांच्या नळ्या तपासाव्यात, पण कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका. नळी सांध्यातून निसटली तर पाणी छताच्या कापडात उतरतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूच सरकवलेली बरी.

पन्हळ आता मोहोर झडल्यावर एकदा आणि गणपतीच्या आसपास एकदा साफ करणार आहे. आंबा तोडायचा नाही म्हटल्यावर एवढं करावंच लागेल.