ग्रहांच्या फोटोसाठी जुना कॅमेरा घ्यायला गेलो, १८,७५० रुपयांना बुडालो

घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. बायकोला वाटतंय पाच हजार गेले. गेले १८,७५०.

रंकाळ्याजवळ राहतो, गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. मोबाईल आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला टेकवून फोटो काढला की गुरू म्हणजे पांढरा ठिपका. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोब्बर समोर येणार होता, तेव्हा तो मोठा नि ठळक दिसतो. त्याआधी ग्रहांचा कॅमेरा पाहिजेच होता. नव्याला दुप्पट पडतात, म्हणून व्हॉट्सॲपवरची जुन्याची जाहिरात धरली. हाव नव्हती ओ, ऐपत तेवढीच होती.

पुढचं तुम्हाला पाठच असेल. टोकन ५,०००. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हटल्यावर उरलेले ११,५००. मग कुरिअरचा विमा २,२५०, 'पार्सल पोचलं की परत'. विम्याचे पैसे कधी कोण परत देतं? तरी भरले. जीएसटीचे म्हणून आणखी ३,८०० मागितले तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

पण विम्याचं एक वेळ सोडा. झोप उडालीय ती फोटोमुळं. ऑक्टोबरात मी नमुना मागितला, त्यानं शनी पाठवला, 'परवाच काढलाय' म्हणून. कडी ऐसपैस उघडी, कड्यांमधली काळी कॅसिनीची फटसुद्धा स्वच्छ. मी खुळ्यासारखा झूम करकरून बघत बसलो. अहो, २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतनं गेली, म्हणजे कडी आपल्याला कडेनं, नुसती रेघ! ऑक्टोबरात कडी जेमतेम एक-दीड अंश कललेली. 'यंदा शनी म्हणजे सुई खुपसलेलं लिंबू,' असं आदल्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांना मीच दाखवत होतो. एवढी उघडी कडी २०१७ च्या आसपासची. दुसरा कोण फसला असता तर समजलं असतं. मी?

नुसत्या जेपीजी फोटोवर जाऊ नका. ग्रहाचा फोटो व्हिडिओच्या फ्रेम जुळवून करतात. मूळ व्हिडिओ मागा, हजारो फ्रेमचा, आणि सॉफ्टवेअरनं सोबत केलेली नोंदीची फाईल. तारीख, वेळ, गेन (कॅमेऱ्यानं उजेड किती वाढवला ते) सगळं त्यात असतं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा लॅपटॉपला जोडून दाखवायला लावा. 'लॅपटॉप भावाकडं आहे' म्हणाला की फोन ठेवा.

शरमेपोटी मी दोन दिवस गप्प बसलो. तसं करू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला त्याच तासाला फोन लावा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "चंद्र मोबाईलवर निघतोय की, कॅमेरा कशाला?" मी चंद्राचं बोलतच नव्हतो. तिथनं सायबरकडं. सायबरनं हद्द विचारून परत ठाण्याकडं. साहेब बंदोबस्ताला. बँकेत मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलाय." चार फेऱ्या, चार रजा, झेरॉक्सचे १४० रुपये वेगळे. त्याच्या खात्यात ६२० रुपये सापडले, ते गोठवलेत म्हणे. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ६२० रुपयांसाठी वकील!

काल दुसऱ्या नंबरवरनं सहा इंची दुर्बिणीची जाहिरात आलीय, १२,००० ला. खाली नमुना म्हणून तोच शनी.